काटेसावर फुलेल तेव्हा दिल्ली

नऊ वर्षांपूर्वी आम्ही दिल्लीला गेलो होतो. सहलीच्या बसने हुमायूनच्या मकबऱ्यापाशी सोडलं आणि पाऊण तासात परत या म्हणून सांगितलं. आत्या आत शिरल्याबरोबर एका झाडाखाली थांबली. तिने आयुष्यभर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं आहे. झाड दिसलं की आधी खोडाला हात लावते, मग मान वर करते. त्या दिवशीही तसंच केलं, आणि मकबऱ्याच्या जोत्यापर्यंत ती पोचायच्या आत वेळ संपली. बसमध्ये एवढंच म्हणाली, "बाग होती गं ती. बागेत धावत जायचं नसतं."

आता ती शहात्तर वर्षांची आहे, गुडघे कुरकुरतात, आणि येत्या मार्चमध्ये मी तिला पुन्हा नेणार आहे. फक्त तेवढ्याच भागासाठी. नवऱ्याचं म्हणणं, एवढे पैसे घालून जायचं तर लाल किल्ला आणि कुतुबमिनार तरी करा. मी दोन्ही खोडले.

तारीख झाडाने ठरवली. डिसेंबरअखेर ते जानेवारी दिल्लीत धुकं, एप्रिलपासून ऊन. मधे फेब्रुवारीचा शेवट आणि मार्चची सुरुवात उरते, आणि नेमकी तेव्हाच तिथली काटेसावर फुलते. आपल्याकडची सावर आधीच फुलून जाते, म्हणजे आत्याला एकाच वर्षात दोनदा बघायला मिळेल. हे सांगितलं तेव्हा तिने लगेच होकार दिला. त्याआधी आठवडाभर "बघू" चाललं होतं.

दिवसाचा क्रम मात्र मी बरेच दिवस घोळवला. सगळे आधी मकबरा करतात, बागा उरलेल्या वेळात. मला उलटं करायचं आहे, आणि त्याला कारण आहे. मकबऱ्यात आपण पश्चिमेकडून शिरतो. सकाळी सूर्य घुमटाच्या मागे असतो आणि समोरची बाजू सावलीत. दुपार कलल्यावर तेच ऊन लाल दगडावर आणि पांढऱ्या संगमरवरी घुमटावर समोरून पडतं. म्हणून मकबरा शेवटी.

सकाळ लोदी गार्डनला. प्रवेश फुकट, वाटा सपाट, बसायला बाकं भरपूर. ही बाग १९३६ साली लेडी विलिंग्डन पार्क म्हणून उघडली, आणि त्यासाठी तिथलं खैरपूर गाव हलवण्यात आलं. ते कळल्यापासून त्या हिरवळीकडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. झाडांच्या मधोमध पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या इमारती उभ्या आहेत. त्यातल्या दोन मी आत्याला मुद्दाम दाखवणार. एक दिल्लीचा सुलतान मुहम्मद शाह सय्यद याचा अष्टकोनी मकबरा, १४४४ सालचा, कोपऱ्यांना तिरके उतरते आधार असलेला. दुसरा नंतरचा सुलतान सिकंदर लोदी याचा, १५१७ च्या सुमाराचा. तोही अष्टकोनीच, पण त्याच्याभोवती तटबंदी घालून आत बाग केली आहे. कबरीला बागेची चौकट द्यायची कल्पना इथे नुसती अंकुरते आहे.

तिथून रिक्षाने सुंदर नर्सरी. नव्या दिल्लीच्या रस्त्यांसाठी आणि बागांसाठी इंग्रजांच्या काळात इथे रोपं तयार होत. नूतनीकरणानंतर २०१८ मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. सुमारे ९० एकर, तीनशेहून अधिक जातींचे वृक्ष. भर दुपारचे तीन तास मी इथे ठेवलेत, आणि आत्याचं म्हणणं तेही कमीच. आत खायला मिळतं, सावली आहे. शनिवार-रविवारी गर्दी असते, म्हणून आम्ही बुधवार धरला आहे.

मग, साडेतीनच्या सुमाराला, शेजारीच मकबरा. पण थेट नाही. शिरताना उजव्या हाताला शेरशाह सूरीच्या दरबारातल्या ईसा खान या सरदाराचा मकबरा लागतो, १५४७ चा. पुन्हा अष्टकोन! सकाळी लोदी गार्डनमध्ये बघितलेला आकार शंभर वर्षांनी तसाच भेटतो. आणि तिथून चार पावलांवर, वीसेक वर्षांत, सगळंच बदलतं. हुमायून १५५६ मध्ये जिन्यावरून पडून गेला. त्याच्या बेगमने हा मकबरा बांधवला, वास्तुकार मिराक मिर्झा घियास, आणि त्याच्यासोबत इराणी पद्धतीची चारबाग आली. बागेचे चार भाग, प्रत्येकाचे पुन्हा नऊ, मधून पाण्याचे पाट. ताजमहालाचं काम सुरू व्हायला तेव्हा अजून साठ वर्षं अवकाश होता. हे पाट मधल्या काळात कोरडे पडले होते. २००३ पर्यंत बागेची दुरुस्ती झाली आणि त्यातून पुन्हा पाणी वाहू लागलं. मधली नर्सरी सोडली तर सकाळपासूनचा हा क्रम काळाच्या क्रमानेच लागतो, हे मला नकाशा पसरून बसल्यावर लक्षात आलं, आणि मग दुसरा कुठलाच क्रम पटेना.

जोत्याच्या पायऱ्या उंच आहेत. आत्याला त्या चढवायच्या नाहीत, हे आम्ही दोघींनी आधीच ठरवलंय. ती पश्चिमेच्या पाटाजवळ बसेल, मी वर जाऊन येईन. वर जोत्यावर मुघल घराण्यातल्या कितीतरी जणांच्या कबरी आहेत, बहुतेकांवर नाव नाही. दारा शुकोहला इथेच पुरलं. नेमकी कुठली कबर त्याची, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. औरंगजेब आपल्या घराघरात माहीत आहे. १६५७ मध्ये पन्नास उपनिषदांचं फारसी भाषांतर पूर्ण करणारा, आणि दोनच वर्षांनी मारला गेलेला त्याचा हा थोरला भाऊ मला शाळेत कुणी नीट सांगितला नाही. आत्याने सांगितला. तिच्यासाठी मी वर दोन मिनिटं थांबणार आहे.

मार्चच्या सुरुवातीला तिकडे सूर्य सहा-सव्वासहानंतर मावळतो. बंद व्हायची वेळ होईपर्यंत उठायचं नाही, एवढंच संध्याकाळचं नियोजन.

जायला ऑगस्ट क्रांती राजधानी. ती बोरिवलीला थांबते आणि हजरत निजामुद्दीन स्टेशनावर उतरवते, तिथून मकबरा अगदी जवळ. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात कॅलेंडरवर लाल गोल केला आहे. आत्यासाठी खालचा बर्थ हवा. तिचा काल फोन आला होता, खोडांचे घेर मोजायला शिंप्याची टेप घेऊ का म्हणून.