लिव्हरचे किलोपास्कल आणि आमचं जेल

लिव्हरचा कडकपणा किलोपास्कलमध्ये मोजतात हे आमच्या घरात आता बारक्या पोरांनाही माहीत झालंय, कारण नांदेडच्या काकांचा फायब्रोस्कॅनचा (लिव्हर किती कडक झालंय ते बाहेरूनच मोजणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट फॅमिली ग्रुपवर फिरला. निरोगी लिव्हर साधारण ७ च्या खाली असतं, सिरॉसिसकडं गेलं की १२-१३ च्या वर जातं. काकांचे आले १४. मी फोन करून आधी विचारलं, जेवून गेलता का? तर म्हणे, "शुगर आहे मला, उपाशी कशाला जाऊ?" आता या तपासणीआधी किमान ३ तास काही खायचं नसतं, जेवल्यावर लिव्हरकडं रक्त जास्त जातं आणि आकडा फुगतो. परत करायला लावली, पुढचं डॉक्टर बघतील.

मग काकांनीच विचारलं, तू संभाजीनगरला नेमकं काय करायलास? म्हटलं, तुमच्या रिपोर्टात जे किलोपास्कल आहेत ना, तेच मी बनवायलोय.

पेशी वाढवायची नेहमीची प्लास्टिकची डिश असते ती ढोबळमानानं ३० लाख किलोपास्कल कडक, आणि निरोगी फुप्फुस असतं २ च्या आसपास, फायब्रोसिस झालेलं, म्हणजे जखमेच्या वणासारखं घट्ट झालेलं, १६-१७ पर्यंत. म्हणजे डिशमधल्या फायब्रोब्लास्टला (टिश्यूचं कोलॅजन बनवणाऱ्या पेशीला) आपण आधीच दगडावर बसवलेलं असतं, आणि मग म्हणायचं बघा कसा आजारी वागतोय! म्हणून पेशी डिशऐवजी जेलवर वाढवायच्या. ॲक्रिलामाइड आणि त्याच्या साखळ्या एकमेकींना जोडणारं बिस यांचं प्रमाण बदललं की हवा तेवढा कडकपणा मिळतो, एपीएस आणि टेमेड ही दोन रसायनं टाकली की सेट व्हायला लागतं (टेमेडला सुकट मासळीसारखा वास येतो, डबा खायच्या आधी हे काम करू नका). मे महिन्यात लाइट गेली, एसी बंद पडला की पिपेटमध्येच घट्ट व्हायला बघतं. १ किलोपास्कलचं जेल खरवसासारखं लिबलिबीत, वरची काच उचलताना कोपरा फाटलाच म्हणून समजा. आणि पेशी त्याला नुसत्या चिकटतच नाहीत, वरून कोलॅजनचा थर द्यावा लागतो.

एवढं केल्यावर मायक्रोस्कोपखाली जे दिसतं त्यासाठी मात्र सगळं माफ आहे. एकच पेशी, एकच मीडियम, तरी मऊ जेलवर ती बारकी, गोलसर, गप्प बसलेली, आणि २० किलोपास्कलच्या जेलवर हातपाय पसरून आडवी, आत ॲक्टिन या प्रोटीनच्या जाड दोऱ्या ताणलेल्या, कडकपणाची खबर देणारं याप नावाचं प्रोटीन न्यूक्लियसमध्ये जाऊन बसलेलं. टीजीएफ बीटा या निरोप देणाऱ्या प्रोटीनची साथ मिळाली की तिची मायोफायब्रोब्लास्ट होते, म्हणजे ओढणारी आणि धडाधड कोलॅजन बनवणारी पेशी. त्या कोलॅजनला लायसिल ऑक्सिडेज टाके घालतं, टिश्यू अजून कडक होतो. आणि टीजीएफ बीटा आजूबाजूला कुलूपबंद पडलेलंच असतं, भोवताल कडक असला की पेशीच्या ओढीनं ते कुलूप उघडतं, मऊ असला तर नुसतंच सगळं सोबत सरकतं. म्हणून कडकपणा हा आजाराचा नुसता परिणाम धरायचा नाही, तो कारणही आहे, हे माझं ठाम मत झालंय.

फक्त आकडाच सगळं ठरवतो असंही नाही. आमचं हे जेल, म्हणजे पॉलिॲक्रिलामाइड, रबरासारखं परत उसळतं, खरा टिश्यू दाबून ठेवला तर हळूहळू सैल पडतो. तसं सैल पडणारं जेल केलं की लिव्हरच्या स्टेलेट पेशी (तिथं फायब्रोसिस करणाऱ्या) तेवढ्याच कडकपणावरसुद्धा कमी बिघडतात.

काकांचा पुढचा प्रश्न एकदम बरोबर होता: मग मऊ केलं की बरं होतं का? काही पेशी शांत होतात, पण २०१२ मध्ये फुप्फुसाच्या फायब्रोब्लास्टवर एक प्रयोग झाला, ३ आठवडे कडक जेलवर ठेवून मग मऊवर आणल्या, तर पुढं २ आठवडे त्या मायोफायब्रोब्लास्टसारख्याच वागत राहिल्या. टाके घालणाऱ्या एन्झाइमांपैकी एकाला अडवणारं सिमटुझुमॅब नावाचं औषध पेशंटमध्ये चाललं नाही, त्यामागं हीच भानगड असेल का, मला शंका आहे, सिद्ध काही नाही. आता उलटी बाजू बघायचीय, कडक जेलवर किती दिवस ठेवलं तर पेशी परत फिरते आणि कितव्या दिवसानंतर फिरत नाही.