१०२४ × ७६८ वर अडकलेली स्क्रीन: चौथ्या रात्री सुटली

घरातला जुना, इंटेलच्या तिसऱ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा कॉम्प्युटर, त्यावर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप. मॉनिटर फुल एचडी, व्हीजीए केबलने जोडलेला. मागच्या नोंदीत लिहिलं होतं की स्क्रीन १०२४ × ७६८ च्या वर जायलाच तयार नाही. रुंद काचेवर चित्र ताणलं जायचं आणि मराठी वाचताना फार त्रास व्हायचा. ‘गर्दी’सारख्या शब्दात वेलांटी आणि रफार एकमेकांत मिसळून डाग दिसायचा.

पहिल्या दोन रात्री ड्रायव्हरवर गेल्या. तिथेही एक चूक होतीच. जीएलएक्सइन्फो या ग्राफिक्सची माहिती देणाऱ्या कमांडमध्ये रेंडरर (चित्र काढणारा) म्हणून ‘एलएलव्हीएमपाइप’ दिसलं की समजावं, ग्राफिक्सचं सगळं काम प्रोसेसर एकटा ओढतोय. इन्स्टॉल करताना खबरदारी म्हणून घातलेलं ‘नोमोडसेट’ (ग्राफिक्स ड्रायव्हरला थोपवणारा पर्याय) ग्रबच्या, म्हणजे सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या, ओळीत तसंच राहिलं होतं. ते असेपर्यंत इंटेल ग्राफिक्सचा आय-९१५ ड्रायव्हर कामालाच लागत नाही. काढलं, अपडेट-ग्रब चालवलं, रीबूट केलं. खिडक्या सरकवताना बसणारे हिसके गेले. रिझोल्यूशन मात्र जिथल्या तिथे.

एक्सरँडर या स्क्रीनचे आकार दाखवणाऱ्या आणि बदलणाऱ्या कमांडमध्ये चारच आकार: १०२४ × ७६८, ८०० × ६००, ८४८ × ४८०, ६४० × ४८०. ही यादी ओळखून ठेवा. मॉनिटरने स्वतःची माहिती दिलीच नाही, की हीच पुढे येते. ती माहिती म्हणजे ईडीआयडी, किमान १२८ बाइट्सची. माझ्याकडे व्हीजीए पोर्टची ईडीआयडी फाइल मोजली तर शून्य बाइट्स. म्हणजे ड्रायव्हरचा दोष नव्हताच.

सीव्हीटी या कमांडला १९२० १०८० ६० (रुंदी, उंची, सेकंदाला किती वेळा चित्र) दिलं, १७३.०० मेगाहर्ट्झची मोडलाइन, म्हणजे त्या आकाराच्या वेळापत्रकाची ओळ, मिळाली, ती एक्सरँडरच्या न्यूमोड आणि ॲडमोड या पर्यायांनी हाताने जोडली. स्क्रीन भरली! पण रीबूटनंतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिवाय ही युक्ती एक्स११ या लिनक्सच्या जुन्या डिस्प्ले यंत्रणेवरची, वेलँड या नव्या यंत्रणेवर चालत नाही. लॉगिनला आपोआप चालणारी स्क्रिप्ट लिहून मोकळा झालो असतो, पण मॉनिटर मुका का, हे कळल्याशिवाय चैन पडेना.

काल रात्री केबल काढून टॉर्चखाली धरली. ईडीआयडी १२ आणि १५ नंबरच्या पिनांवरून येते. ९ नंबरची पिन बऱ्याच केबलींत मुळातच नसते, तिची जागा रिकामी दिसली तर घाबरू नका. १२ नंबरची मात्र आडवी होऊन तळाच्या प्लास्टिकला चिकटली होती. रंग जातात १, २, ३ वरून. म्हणून चित्र नीट येत होतं आणि केबलचा संशयच आला नाही. शिवणाची सुई आणि बारीक चिमटा घेऊन पिन हळूहळू उभी केली. जोर लावला तर ती तुटते, मग केबलच गेली.

मशीन सुरू केलं, ईडीआयडी फाइल मोजली: १२८. एक्सरँडरच्या यादीत १९२० × १०८० सगळ्यात वर, पुढे पसंतीची खूण. ‘गर्दी’वरचा रफार सुटा दिसतोय.

व्हिडिओ पाहताना मधेच आडवी चीर जाते, ती अजून आहे. रविवारी एक्सएफडब्ल्यूएमच्या (एक्सएफसीईचा खिडक्या सांभाळणारा प्रोग्राम) व्हीब्लँक, म्हणजे चित्र मॉनिटरच्या तालावर बदलण्याच्या, सेटिंगपासून सुरुवात करतो.