फाटकापासून बाकापर्यंत : एएची पहिली मीटिंग

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायला चालवलेली संघटना. तिच्या मीटिंगला जायचं ठरवलं, की मीटिंग शोधण्याआधी डॉक्टरांना गाठा. सकाळी हात थरथरत असतील आणि दारू पोटात गेल्यावरच ते थांबत असतील, तर मनाने एकदम बंद करू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत ताप, भ्रम, नसलेलं दिसणं सुरू झालं, तर ते जिवावर बेततं. डॉक्टर हे दिवस गोळ्यांवर आणि बी-वन जीवनसत्त्वावर सुखरूप काढून देतात. मीटिंगमध्ये कोणी डॉक्टर म्हणून बसलेलं नसतं. जवळचं केंद्र माहीत नसेल, तर १४४४६ ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे.

मीटिंगचा पत्ता मिळवणं सोपं आहे. एए इंडियाच्या संकेतस्थळावर मिळतो, व्यसनमुक्ती केंद्रातले समुपदेशकही सांगतात. अडचण पुढे येते. गटांची स्वतःची जागा नसते. पालिकेच्या शाळेतला एखादा वर्ग, चर्चचा हॉल, असं काहीतरी तासादीडतासापुरतं मिळालेलं असतं. परीक्षा आल्या, सुट्टी लागली, शाळेत मतदान केंद्र आलं, की त्या दिवशी दाराला कुलूप. नवा माणूस कुलूप बघून परत फिरला, की पुन्हा यायला त्याला महिने लागतात. म्हणून पत्ता हातात असला, तरी त्याच दिवशी दुपारी गटाला फोन करायचाच.

फोनवर मी चारच गोष्टी विचारल्या. आज मीटिंग नक्की आहे ना? ओपन आहे की क्लोज्ड? बोलणं कोणत्या भाषेत चालतं? आणि फाटकाशी कोणी भेटेल का? ओपन मीटिंगला घरचं माणूस सोबत येऊ शकतं. क्लोज्ड मीटिंग फक्त दारू सोडू पाहणाऱ्यांची. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन हा वेगळा गट आहे. बाईने हेही विचारावं, की तिथे बायका येतात का. खोलीत एकटीच बाई असली, तर बोलणं जड जातं.

चौथा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बाहेर मोठी पाटी नसते. असलीच तर कागदावर वर्तुळात त्रिकोण काढलेला आणि एक बाण. वॉचमनला एए म्हणजे काय ते कळेलच असं नाही. त्याला ‘संध्याकाळची मीटिंग कुठे भरते?’ असं विचारा. दहा मिनिटं आधी पोहोचा. उशीर झाला, तर भरल्या खोलीत शिरायची हिंमत होत नाही, आणि रस्त्यापलीकडचा बार उघडाच असतो.

आत चौथीच्या मुलांची बाकं. गुडघे फळीला टेकतात. भिंतीवर दोन तक्ते टांगलेले : दारूपासून दूर राहण्याच्या बारा पायऱ्या आणि गट कसा चालवायचा याच्या बारा परंपरा. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव नाही. दारू सोडायची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट. प्रस्तावना वाचतात, क्षणभर शांतता, प्रार्थना, मग एकेक जण ‘मी अमुक, मी एक अल्कोहोलिक’ म्हणून शेअरिंग करतो, म्हणजे आपला अनुभव सांगतो. मध्ये कोणी तोडत नाही, सल्ला देत नाही. तुमची पाळी आली, तर ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलं की पुरे. त्या दिवशी प्यायला असाल, तरीही या. बोलू नका, ऐका. गटाने स्वतःच्याच वर्गणीवर चालावं असं सातवी परंपरा सांगते, म्हणून पिशवी फिरते, त्यात दहा-वीस रुपये पडतात. नव्या माणसाने काही टाकलं नाही, तरी चालतं.

देवाचा उल्लेख ऐकून काही जण बिचकतात. पायऱ्यांतच ‘आपल्याला उमगलेला देव’ असं म्हटलं आहे. गटालाच आपल्यापेक्षा मोठी शक्ती मानून चालणारे पुष्कळ आहेत. मीटिंगनंतर कोणी ‘मनोविकाराच्या गोळ्या बंद कर’ म्हणालं, तर ते त्याचं वैयक्तिक मत, एएचं नव्हे. गोळ्यांचं डॉक्टरांनाच विचारायचं.

एका मीटिंगवरून निकाल लावू नका. गटागटाचा स्वभाव वेगळा असतो, निदान सहा ठिकाणी बसून पाहा. पहिल्या ९० दिवसांत ९० मीटिंगा करा असं जुने लोक सांगतात, आणि ते मला पटतं, कारण रिकामी संध्याकाळ फार अवघड असते. स्पॉन्सर, म्हणजे पायऱ्यांवर हात धरून नेणारा जुना सभासद, निवडायची घाई नको. पुरुषाने पुरुष, बाईने बाई निवडावी.

चहाच्या वेळी मात्र निघून जाऊ नका, फोन नंबर तेव्हाच मिळतात. ही चळवळच एका फोनवरून सुरू झाली. मे १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी, हॉटेलच्या लॉबीत उभ्या असलेल्या बिल डब्ल्यू. यांना, म्हणजे एएच्या एका संस्थापकाला, बार खुणावत होता. त्यांनी फोन उचलला आणि बोलायला दुसरा दारुडा शोधला. ते डॉ. बॉब निघाले, एएचे दुसरे संस्थापक. त्यांचा शेवटचा घोट १० जून १९३५ चा, आणि तोच दिवस एएची सुरुवात मानतात.

तीन तरी नंबर घ्या, कागदावरही लिहा. आणि त्या माणसासमोरच एकदा रिंग द्या. त्याच्याकडे तुमचं नाव सेव्ह झालेलं असलं, की रात्री अकरा वाजता तल्लफ आल्यावर ‘मी कोण’ हे सांगत बसावं लागत नाही.