साकवाला कठडा हवा की नको

महाडच्या बाजूला पूल म्हटलं की सगळ्यांना आधी सावित्री नदीच आठवते. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री मुंबई-गोवा हायवेवरचा ब्रिटिशांच्या वेळचा दगडी पूल पुरात गेला, तेव्हा माझ्या वर्गातली पोरं एकतर रांगत असतील नाहीतर जन्मलीच नसतील, पण घराघरात ती रात्र इतक्यांदा सांगून झालीय की त्यांना सगळं डोळ्यांनी पाहिल्यासारखं माहिती असतं. शिवाय आमच्याकडे साकव, म्हणजे ओढ्यावरचे छोटे पूल, आहेतच, निम्मी पोरं ओढा ओलांडूनच शाळेत येतात.

तर शनिवारी तिसरी-चौथीला एकत्र बसवून पूल बांधायला दिला. शाळांमधे सरकारचा आनंददायी शनिवार उपक्रम सुरू झाल्यापासून दप्तर नसतं, त्यामुळे निवांत करता येतं (फोटो काढून ग्रुपवर टाकायचे ते वेगळं, ते राहू दे). जुन्या पुस्तकांच्या दोन थप्प्या, मधे एक हात अंतर, प्रत्येक गटाला वर्तमानपत्राचे तीन कागद आणि वीतभर चिकटपट्टी, बास. थप्पीला पट्टी चिकटवायची नाही. खडूचा रिकामा डबा पुलावर ठेवायचा आणि त्यात अंगणातले खडे एकेक करून टाकत जायचे, ज्याच्या पुलावर जास्त खडे राहतील तो भारी.

सपाट कागद डबा ठेवल्या ठेवल्या खाली गेला, हसाहशी झाली. मग एका गटाने कागदाच्या बारीक घड्या घातल्या आणि तो बऱ्यापैकी तगला, का तगला विचारलं तर एक पोरगा म्हणाला "बाई, छपराचा पत्रा पण असाच असतो ना." दुसऱ्यांनी कागदाच्या सुरनळ्या केल्या. ढिली जाडी सुरनळी मधोमध चेपली की गेलीच, पण घट्ट वळलेल्या चार बारीक सुरनळ्या शेजारी शेजारी बांधल्या त्यावर डबा भरून खडे संपले तरी पूल हलेना. मी खूश, पोरं खूश, आता टाळ्या वाजवून खिचडीला जायचं एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात पलीकडच्या वाडीतली एक चौथीतली पोरगी म्हणाली, "पण बाई, आमचा साकव वजनाने नाय मोडला. त्यावरून बैल पण जायचा. ओंडका आला नि कठड्याला अडकला, मग गेला."

आता यावर काय बोलणार! खिचडी खाऊन घ्या म्हटलं, मग बघू.

कागद पाण्यात टिकणार नाही, म्हणून खराट्याचे हीर, म्हणजे काड्या, काढल्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे, म्हणजे बारीक रबरी नळीचे, तुकडे केले. ही युक्ती माझी नाही, मध्य प्रदेशातल्या होशंगाबादच्या शालेय विज्ञान कार्यक्रमापासून चालत आलेली आणि टाकाऊतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांमुळे सगळीकडे पोचलेली, काड्या आणि व्हॉल्व्ह ट्यूबचा मेकॅनो. ट्यूबच्या तुकड्यात दोन काड्या खुपसल्या की सांधा तयार. चार काड्यांचा चौकोन केला तर तो लगेच कलंडतो, तिरकी काडी टाकून त्याचे दोन त्रिकोण केले की जाम होतो. हे मी फळ्यावर सांगितलंच नाही, त्यांचे चौकोन दोन-तीनदा कलंडल्यावर आपोआप तिरक्या काड्या पडायला लागल्या.

मागच्या अंगणात छपराच्या पन्हळीचा उरलेला तुकडा विटांवर जरा उतरता ठेवला, त्यावर आडवा पूल, दोन्ही टोकांना ओला चिखल. बादलीने पाणी सोडलं तर सगळ्यांचे पूल जागच्या जागी. मग पाण्यात काटक्या आणि पालापाचोळा टाकला. पहिली एक काटकी कठड्याला आडवी अडकली, तिच्यावर पानं बसली, पानांवर आणखी पानं, मागे पाणी तुंबून वर चढलं आणि अख्खा पूल चिखलातून सुटून पार खाली. "कठड्याची भिंत झाली!" कोणीतरी ओरडलं. अगदी बरोबर, त्याहून चांगलं मला पण सांगता आलं नसतं.

एका गटाने सरळ कठडाच काढून टाकला, पाणी नि पाचोळा वरून निघून गेला, पूल तिथेच. जिंकलो म्हणून नाचायला लागले, तर तीच पोरगी, "आणि माझी आजी कशी येणार? तिला नीट दिसत नाय." मग जे जुंपलं! कोण म्हणे पूलच उंच करा, तर कोण म्हणे मग आजी एवढ्या पायऱ्या चढणार कशी. मला विज्ञानाच्या तासाला हेच हवं असतं, दोन गरजा एकमेकींच्या उरावर बसलेल्या आणि उत्तर पुस्तकाच्या मागच्या पानावर नाही. मी फक्त पाणी ओतायचं काम केलं.

तिसऱ्या गटाने पाणी येतं त्या बाजूचा कठडा खालच्या सांध्यावर हलता ठेवला आणि बाहेरच्या अंगाला एक काडी आडवी लावली, म्हणजे तो बाहेर कलंडणार नाही, फक्त आत पडेल. वरच्या बाजूने पूर आला की कठडा पुलावर आडवा, आजीने रेलून बघितलं तर ताठ उभा. बोटाने ढकलून दाखवलं मला, एकदम झकास. मग पाणी जातं त्या बाजूच्या कठड्याला तेच करायला गेले आणि तिथे अडकले, कारण तिकडे पूर पण बाहेर ढकलतो आणि आजी पण बाहेरच ढकलते. त्या गटातलं एक पोरगं कितीतरी वेळ एकदा इकडून एकदा तिकडून बोट लावून बघत होतं. "या बाजूला जमतंय, त्या बाजूला नाय जमत." एका अंगाला दोर बांधा, दोन्हीकडे कशाला कठडा, असं बरंच काय काय झालं, सुटलं काही नाही.

मग मी सांगितलं की पाण्याखाली जाणाऱ्या ठेंगण्या पुलांचे कठडे पावसाळ्याआधी काढून ठेवता येतील असेच बनवतात, आणि कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, पण पावसाआधी काढतात नि पाऊस सरला की परत घालतात. वाटलं होतं डोळे मोठे करतील. तर, "पण काढणार कोण बाई, ग्रामपंचायत?" आणि मागून एक बारीक आवाज, "नि पाऊस आधीच आला तर?"

पुढच्या शनिवारी चिखलाऐवजी टोकांना दगड रचून बघायचंय म्हणतायत, कारण पूल मोडला असा नाहीच, दर वेळी टोकाकडून उपटला गेला, हे त्यांनीच शोधलं. दगड ओढ्यावरून मिळतील. खराटा मात्र पार बोडका झालाय आणि स्वयंपाकाच्या मावशी माझ्याशी नीट बोलत नाहीयेत, नवा सादिलमधून, म्हणजे शाळेच्या किरकोळ खर्चाच्या पैशातून, बसवता येतो का ते हेडसरांना विचारायला हवं.