बरे दिसतात म्हणजे बरे झालेत असं नाही

आमच्या ह्यांना एन्सेफलायटिस झालेला, म्हणजे मेंदूला सूज. हर्पीस व्हायरसमुळं. ताप उतरताना ओठावर पुळ्या येतात ना, तोच व्हायरस, तो क्वचित कुणाच्या तरी मेंदूपर्यंत जातो. दवाखान्यातलं सगळं डॉक्टरांनी समजावलं पण घरी आल्यावर पुढं काय ते कुणीच नीट सांगितलं नाही, म्हणून लिहितेय, बेळगाव-खानापूर-निपाणीकडं कुणाच्या घरात हे चालू असेल तर त्यांना उपयोग होईल.

आधी महत्त्वाचं. ताप, डोकेदुखी आणि त्यात माणूस असंबद्ध बोलायला लागला, घरच्यांना ओळखेना, फिट आली, तर दृष्ट काढत बसू नका, बाहेरचं काही नसतंय ते. एमआरआय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. तपासायला पाठीतलं पाणी काढायचं म्हटलं की आपल्याकडं लोक घाबरतात, लुळा पडेल म्हणतात, तसं काही होत नाही, सही करा. असायक्लोव्हिर नावाचं औषध शिरेतनं 14 ते 21 दिवस देतात, आणि संशय आला की रिपोर्टची वाट न बघता चालू करतात, कारण औषधच मिळालं नाही तर ह्या आजारात 100 तले 70 जण जातात.

हे वाचले. पण हा व्हायरस कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा जो भाग असतो तिथं जास्त नुकसान करतो, आणि आठवण, शब्द, राग सगळं तिथलंच.

हे बेळगावच्या शहापुरात साडीच्या दुकानात सेल्समन. आमच्याकडं दुकानात गोव्याचं गिऱ्हाईक कोकणीत बोलतंय, गोकाक-बैलहोंगलचं कन्नडमध्ये, आणि हे तिघांशी तीन भाषेत घासाघीस करायचे, गादीवरनं न उठता. घरी आल्यावर मराठी हळूहळू परत आली, पण कन्नड मागं राहिली. 'एष्ट री', म्हणजे कितीला, असं कुणी विचारलं की कळायचं सगळं, तोंडातनं उत्तर यायचं नाही. हिरवी साडी हातात, ती इरकल आहे हे माहीत, किंमत मराठीत सांगता येते, पण हिरव्याला कन्नडमधलं 'हसिरु' काही केल्या येईना, आणि मग एवढा राग की साडी फेकून द्यायचे. माझा जीव तुटायचा, पटकन शब्द पुरवावासा वाटायचा. स्पीच थेरपीवाल्या मॅडम म्हणाल्या थांबा, आधी त्यांना शोधू दे, फारच अडलं तर पहिलं अक्षर सांगा. थांबणं लई अवघड असतंय हो, समोर आपलं माणूस घामाघूम होतंय आणि आपण नुसतं बघत बसायचं. पण असं करत करतच कितीतरी शब्द परत आलेत.

दुसरं म्हणजे थकवा. अर्धा तास बोलले की चेहरा उतरतो, मग झोप, आणि ती झोप आळस नव्हे, मेंदू दमलेला असतो. सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, "दिवसभर घरातच तर हाय की" म्हणायच्या. आता त्याच दार ओढून घेतात, मिक्सर सुद्धा लावू देत नाहीत. गोळ्यांना मोबाईलचा अलार्म, फळ्यावर वार, तारीख आणि आज कोण येणार ते. फिटच्या गोळ्या एक दिवससुद्धा चुकवायच्या नाहीत आणि स्कूटर बंद, ती चावी माझ्या कपाटात आहे, त्यावरनं अजून भांडण होतं.

माझं सांगायचं तर मला रडू येतं. नवरा समोर जेवत असतो आणि तरी पूर्वीच्या नवऱ्याची आठवण येते, हे कुणाला सांगितलं तर "जगला हेच मोठं समज" म्हणतात. समजते की. तरी येतं रडू. बहिणीला मात्र सगळं सांगते, ती फोनवर नुसतं ऐकून घेते, तेवढ्यानं दुसरा दिवस निघतो.

आणि भेटायला येणाऱ्यांनो, कुंदा, आमच्याकडची ती मिठाई, आणा, प्रेमानं या, पण आल्या आल्या "ओळखलं काय मला?" असं विचारू नका. प्रत्येकजण हेच विचारतो आणि ह्यांची दरवेळी परीक्षा होते, नाव नाही आलं की मान खाली. "मी अमक्या गल्लीतला, आपण एकत्र गणपती बसवायचो" असं आपणहून सांगा. सकाळी या, एकेकटे या, आणि टीव्ही बंद ठेवून बोला.