गरम भरू नयेत

आमच्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कोणत्या वर्षी कोणतं नाटक बसवलं होतं, ते मला आता सांगता येणार नाही. अध्यक्षांची भाषणं तर मंडप उतरायच्या आत विसरलेली असायची. पण कुठल्या वर्षी कुकीज तळाला लागल्या आणि कुठल्या वर्षी त्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचल्याच नाहीत, हे अजून सांगू शकतो. माझं संमेलन दोन दिवस आधीच सुरू व्हायचं, काकूंच्या स्वयंपाकघरात.

काकू म्हणजे मंडळातल्या लहानथोर सगळ्यांच्याच काकू. त्यांच्याकडे एक वही होती. पानांना लोण्याचे डाग, आत निव्वळ आकडे. माणसं अडीचशे, माणशी दोन, म्हणजे पाचशे कुकीज. एका ट्रेवर बारा, ओव्हनमध्ये एका वेळी दोन ट्रे, म्हणजे एकवीस खेपा. भाजायला बारा मिनिटं, काढायला-घालायला तीन. सव्वापाच तास, तेही ओव्हन क्षणभरसुद्धा रिकामा राहिला नाही तर. पहिल्या वर्षी हा हिशेब कुणी केलाच नव्हता म्हणे. चोवीस कुकीजची कृती होती, तिला एकवीसने गुणलं आणि झालं, असं सगळ्यांना वाटलं. रात्री दोन वाजता निम्मं पीठ परातीतच होतं. पुढच्या वर्षीपासून तीन घरांतले ओव्हन ठरवून घ्यायला लागले.

पाचशे कुकीजचं पीठ साधारण पंधरा किलो भरतं. ते एका भांड्यात मळायचा प्रयत्न शहाण्याने करू नये. काकू चार-चार पटीचे वाटे करायच्या. लोणी बोट दाबलं तर खळगा पडेल इतपतच मऊ, वितळलेलं अजिबात नाही. त्यात साखर घालून रंग फिका होईपर्यंत फेसायचं. हे काम थोराड पोरांचं, दंड भरून यायचे. मैदा पडला की मात्र काकू ओरडायच्या, “आता हात आवरा!” मैदा घातल्यावर जास्त घोटलं की कुकी चिवट होते, हे आम्हाला त्या ओरडण्यातूनच कळलं.

आणि कप बंद. सगळं काट्यावर. एक जण मैदा अलगद भरतो, त्याचा कप 120 ग्रॅमचा होतो. दुसरा दाबून भरतो, त्याचा 150. एका वेळच्या चोवीस कुकीजमध्ये हे खपून जातं, पण पाच किलो मैद्याला जवळजवळ बेचाळीस कप लागतात. दाबून भरणाऱ्याच्या हाती काम गेलं तर सव्वा किलो मैदा जास्तीचा. एका वर्षी गेलं होतं. त्या वर्षीच्या कुकीज खाताना आवाज व्हायचा.

पीठ रात्रभर फ्रिजमध्ये. थंड पिठाची कुकी ओव्हनमध्ये फारशी पसरत नाही, अंगापिंडाने भरलेली राहते. दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली की आम्ही पोरं टेबलाभोवती बसायचो, तीस-तीस ग्रॅमचे गोळे वळायला. पहिले दहा वजन करून, मग हाताला सवय होते. कच्चं पीठ चाटायला सक्त मनाई होती. ती सगळ्यांनी पाळली असं मी म्हणणार नाही, पण मनाई योग्यच होती. कच्च्या मैद्यानेही पोट बिघडू शकतं.

सगळ्यात जास्त वाद व्हायचा तो ओव्हनच्या दारापाशी. कडा सोनेरी आणि मध्यभाग अजून ओलसर दिसला की काकू ट्रे बाहेर काढायच्या. “काकू, कच्च्या आहेत,” मी दरवर्षी म्हणायचो. “ट्रे गरम आहे ना? उरलेलं काम तो करेल.” पाच मिनिटांनी त्या बरोबर निघायच्या. शिवाय प्रत्येक ओव्हनची खोड वेगळी. काकूंचा डाव्या कोपऱ्यात जास्त भाजायचा. दुसऱ्या घरचा बटणावर 180 दाखवायचा आणि आत सरळ 200. सहाव्या मिनिटाला वरचा ट्रे खाली, खालचा वर, तोंडं फिरवून. ही अदलाबदल करायचा मान मिळाला त्या वर्षी मी स्वतःला मोठा समजायला लागलो.

नेमकी त्याच वर्षी माती खाल्ली. शेवटच्या तीन खेपा उरल्या होत्या, अकरा वाजून गेले होते, डोळे मिटत होते. कुकीज निववायच्या जाळ्यांवर जागा नव्हती. मी आधीच्या कुकीज कोमट असतानाच डब्यात रचल्या आणि झाकणं घट्ट लावली. सकाळी काकूंनी झाकण उघडलं तर आतून थेंब ओघळत होते. कुकीज एकमेकींना चिकटलेल्या, ओल्या पुठ्ठ्यासारख्या. काकू काही बोलल्या नाहीत. ओव्हन 150 वर लावला, त्या सगळ्या परत ट्रेवर मांडल्या आणि पाच-सहा मिनिटं शेकल्या. बऱ्याचशा वाचल्या. मी नवा सदरा घालून पाऊण तास तिथेच उभा होतो. तिकडे नांदी सुरू झाली होती.

दाणे आणि सुकामेवा नसलेल्या कुकीज सगळ्यात आधी व्हायच्या, भांडी-ट्रे स्वच्छ असताना. त्यांचा निळ्या झाकणाचा डबा, त्याचा चिमटाही वेगळा. दाण्यांची ॲलर्जी असलेली एक मुलगी दरवर्षी घरून स्वतःचा खाऊ बांधून आणायची. निळा डबा सुरू झाला त्या वर्षी तिच्या आईने काकूंना भांड्यांपासून चिमट्यापर्यंत सगळं विचारून घेतलं, मगच तिला हात घालू दिला. तिने एक खाल्ली. मग आईकडे बघितलं आणि दुसरी घेतली. त्या डब्याचा हिशेब वहीत तेव्हापासून स्वतंत्र लिहिला जायला लागला.

संमेलनात वाटपाच्या टेबलावर एकच पोरगं तीनदा येणार, हे धरलेलंच असायचं. एकदा टोपी घालून, एकदा काढून. खजिनदारकाका मोजायचा आव आणायचे आणि द्यायचे. तुटक्या-फुटक्यांचा डबा टेबलाखाली असायचा, तो पडद्यामागच्या नटमंडळींचा. मला विचाराल तर सगळ्यात चवदार डबा तोच. कडेचे कुरकुरीत तुकडे त्यातच जास्त.

पुढे काकूंचे गुडघे दुखायला लागले आणि वही माझ्याकडे आली. पहिल्यांदा घरी नेली त्या रात्री मी माझं वर्ष शोधलं. वाटलं होतं, नाव घालून काहीतरी लिहिलं असेल. पानावर नेहमीचे आकडे होते आणि खाली एकच ओळ, दोनदा अधोरेखित: ‘गरम भरू नयेत. जाळ्या आणखी चार आणणे.’

त्या खाली मी लिहिलं: ‘जाळ्या आणल्या. सोडा आधीच मोजून वाट्यांत ठेवणे, गप्पांत दोनदा पडतो. उरल्या बारा, सगळ्या तुटक्या.’