आलेच, पाणी घेऊन

चकलीचा सोऱ्या काढायला माळ्यावर हात घातला आणि हाताला स्टीलची बाटली लागली. बुडाशी अंगठा मावेल एवढा पोचा. लगेच ओळखली. सोऱ्या राहिला बाजूला, मी बाटली मांडीवर घेऊन शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसले. दुपारचे तीन वाजले होते आणि 'आधी खाली उतर' म्हणणारं घरात कुणी नव्हतं.

२०१८ च्या मे महिन्यात मी आणि माझी मैत्रीण पॅरिस, व्हिएन्ना आणि रोम बघून आलो. दोघीच. 'टूर कंपनीबरोबर जा, निदान खाण्यापिण्याची काळजी नाही,' असं दोन्ही घरांतून सांगून झालं होतं. खाण्याचं आम्ही निभावलं. ठेपले, मेतकूट, जाईल तिथली पावं. पण पिण्याचं प्रकरण वेगळं होतं, कारण माझी मैत्रीण पाणी विकत घेत नाही. तिचं माहेर सोलापूरचं. नळाला चार-चार दिवसांनी पाणी येणार, ते भांड्याभांड्यांत भरून ठेवणार, आणि तरीही दारात आलेल्याला आधी तांब्या-भांडं देणार, अशा घरात ती वाढली. अर्धा लिटर पाण्याला दोन युरो, म्हणजे तेव्हाचे एकशेसाठ रुपये, हा तिला निव्वळ अधर्म वाटत होता. मग काय, लोक हातात नकाशा घेऊन राजवाडे शोधतात, आम्ही नळ शोधले.

पॅरिसला पहिल्याच दिवशी सापडला. फुटपाथवर गडद हिरव्या रंगाचं ओतीव लोखंडाचं छोटंसं देऊळच म्हणा. चार बायका डोक्यावर घुमट तोलून उभ्या आणि त्यांच्या मधून पाण्याची बारीक धार. रिचर्ड वॉलेस नावाच्या पॅरिसमध्ये राहणाऱ्या एका श्रीमंत इंग्रजाने १८७२ पासून हे नळ बसवले. १८७०-७१ च्या हिवाळ्यात प्रशियाच्या सैन्याने पॅरिसला वेढा घातला होता, शहराची दैना झाली होती आणि गरिबाला चांगलं पाणी मिळणं मुश्किल होतं. त्या चार बायका म्हणजे दया, साधेपणा, दानत आणि संयम. पाण्यासाठी उभं राहायला संयम लागतो हे सोलापूरच्या मुलीला वेगळं सांगायला नको. पण तिला खरा आनंद झाला तो पुढचं वाचून. या नळांना पूर्वी साखळीला बांधलेले पत्र्याचे पेले असत, ते १९५२ साली स्वच्छतेच्या कारणावरून काढून टाकले.

"साखळीला बांधलेले!" ती म्हणाली. "म्हणजे इथंही पेले चोरीला जायचे की गं."

आम्ही दोघी तिथेच हसत सुटलो. एसटी स्टँडवरची पाणपोई डोळ्यांसमोर आली. ओलं लाल फडकं गुंडाळलेले रांजण, साखळीचा जर्मनचा पेला, आणि साखळी इतकी आखूड की प्यायचं तर आपणच पेल्यापाशी वाकायचं. मग तिने बाटली भरली, मान मागे टाकली आणि वरून घटाघटा पाणी प्यायली. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. एक थेंब सांडला नाही की बाटलीला ओठ लागला नाही. आजोबांनी हळूच टाळी वाजवली.

व्हिएन्नाला तिची एकदा फजिती झाली. स्टेशनवर तहान अनावर झाली, तत्त्व बाजूला ठेवून बाटली विकत घेतली, मोठा घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. सोडा! दोन युरो देऊन सोडा! हॉटेलातून उचललेल्या साखरेच्या आणि मिठाच्या पुड्या त्यात घालून, लिंबू पिळून तिने तो संपवला, पण दिवसभर धुसफुसत होती. संध्याकाळी तिथल्या कॉफीगृहात गेलो. कॉफीबरोबर चकचकीत ताटलीत न मागता पाण्याचा पेला आला, त्यावर आडवा चमचा ठेवलेला. पेला रिकामा झाला तसा वेटरने दुसरा आणून ठेवला. तेव्हा कुठे व्हिएन्नाला माफी मिळाली. हे पाणी आल्प्सच्या झऱ्यांचं. १८७३ साली पहिली वाहिनी आली, १९१० साली दुसरी, आणि शंभराहून जास्त किलोमीटर ते नुसतं उताराने वाहत शहरात येतं. शोनब्रुनचा राजवाडाही आम्ही बघितला. मोठा आहे.

आणि मग रोम. रोममध्ये तर तिला कुठे बघू नि कुठे नको असं झालं. जवळजवळ अडीच हजार नळ, रस्तोरस्ती, कंबरेएवढे बुटके लोखंडी खांब. पुढे वाकडी तोटी नाकासारखी, म्हणून तिथले लोक त्यांना नासोने म्हणतात. म्हणजे नाकाड्या. १८७४ पासून हे नाकाडे वाहत आहेत. वाहत आहेत म्हणजे अक्षरशः वाहत आहेत, कारण बंद करायला चावीच नाही. माझी मैत्रीण पहिल्या नाकाड्यापाशी पाच मिनिटं उभी राहिली. मागून बघितलं, खालून बघितलं.

"बंद कुठून होतो हा?"

"होत नाही."

"वाहून चाललंय की सगळं!"

मी पाचव्या मजल्यावर राहते आणि टाकी भरल्याचा आवाज झोपेतही ओळखते, तरी मला एवढं लागलं नव्हतं. ती मात्र प्रत्येक नाकाड्याजवळून जाताना चुकचुकायची. आदल्या उन्हाळ्यात रोमवर दुष्काळ पडला होता आणि यातले काही नळ टप्प्याटप्प्याने बंद केले होते हे कळलं, तेव्हा तिला केवढा दिलासा मिळाला. पाणीकपात झालेलं शहर तिला आपलं वाटायला लागलं.

मग एका शाळकरी पोराने तिला युक्ती दाखवली. तोटीच्या तोंडाला बोट लावायचं, की वरच्या छोट्या भोकातून पाण्याची कमान उडते आणि सरळ तोंडात येते. ती हरखली. "बघितलंस? उष्ट्याचं यांनाही कळतं!" त्या एका गोष्टीवर तिने रोमला जे गुण दिले ते कोलोझियमला मिळाले नाहीत. ट्रेव्हीच्या कारंज्यात सगळे पाठमोरे उभे राहून नाणी टाकत होते. त्याचं पाणी ज्या वाहिनीतून येतं तिची सुरुवात इसवी सनापूर्वी १९ साली झालेली. मला आपलं कात्रजच्या तलावापासून शनिवारवाड्यापर्यंत आणलेलं पेशव्यांचं पाणी आठवलं आणि लहानपणी बघितलेलं ते कोरडं हजारी कारंजं. मी पर्समध्ये नाणं चाचपायला लागले, तर ही म्हणाली, "पाण्यात पैसे टाकायला मला पंढरपूर आहे."

पोचा पडला तो शेवटच्या दिवशी. व्हेनेझिया चौकातून आठ नंबरची ट्राम सुटते. आम्ही तिकिटं टोचून घेतली, जागा धरली, आणि बाईसाहेबांना बाटली रिकामी दिसली. "आलेच, पाणी घेऊन," म्हणत ती उतरलीसुद्धा.

आम्ही मे महिन्यात दादरहून पुण्याला आजीकडे जायचो, पॅसेंजरने. कर्जतला घाटासाठी मागून इंजिनं लावायची असत, म्हणून गाडी थांबायची. बाबा फिरकीचा तांब्या उचलायचे, "आलोच, पाणी घेऊन" म्हणायचे आणि गर्दीत दिसेनासे व्हायचे. आई खिडकीतून वडे घेण्यात गुंतलेली. मी गजांना नाक लावून त्यांचा पांढरा सदरा शोधायची, तर फलाटावर सगळेच पांढरे सदरे. मागून इंजिन लागलं की डब्याला हिसका बसायचा आणि मला वाटायचं, सुटली गाडी! दर वर्षी वाटायचं. आणि एका वर्षी खरोखरच सुटली. बाबा आले नव्हते. आई म्हणत होती, "चढले असतील गं मागे कुठेतरी," पण या डब्यातून त्या डब्यात जायची सोय नव्हती. त्या वर्षी मी बोगदे मोजले नाहीत. लोणावळ्याला दारात बाबा उभे, हातात तांब्या, गळ्यापर्यंत भरलेला. "घे, गार आहे." त्यांना वाटलं मी तहानेने रडतेय.

ट्रामची दारं मिटायला लागली तेव्हा मी पन्नाशी ओलांडलेली बाई, चार भाषांतल्या प्रवाशांसमोर मराठीत ओरडले. ड्रायव्हरने आरशात बघितलं, दार पुन्हा उघडलं. ती धावत आली, पायरीपाशी ठेच लागली, बाटली दगडी फरशीवर आपटली. उचलून चढली आणि धापा टाकत आधी माझ्या हातात दिली. "घे, पी. तोंड नको लावू."

ती बाटली माझ्याच सॅकमध्ये राहिली. तिने पुढे निदान दहा वेळा विचारलं असेल, आणि दहाही वेळा मी सांगितलं, "रोमलाच राहिली असेल गं." मला खरंच तसं वाटत होतं. नंतर तिने दुसरी घेतली, निळी, तांब्याच्या कोटिंगची, पण 'तिची सर नाही' हे वाक्य प्रत्येक भेटीत येतंच.

मी शिडीवरून उतरले. बाटली चिंचेने घासली, दोनदा विसळली, माठातलं पाणी भरलं. फोन हातात घेतला होता. आधी जरा पाणी पिऊ म्हटलं. मान मागे टाकून वरून प्यायचं मला कधीच जमलेलं नाही, नाकात जातं. तोंड लावूनच प्यायले.

आता परत तरी कशी देणार? उष्टी झाली.